एसी बसवायचा दिवस: कॉइल, कॉपर आणि पाण्याची वाट

एसी दुकानातून घरी येतो तेव्हा अर्धाच तयार असतो. इनडोअर एका खोक्यात, आउटडोअर दुसऱ्या खोक्यात आणि दोघांना जोडणारी तांब्याची नळी गुंडाळी करून वेगळी. फ्रिजचं तसं नसतं. फ्रिजमधली गॅसची वाट कारखान्यातच जोडून, तपासून, कायमची बंद होऊन येते, म्हणून तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. स्प्लिट एसीची तीच वाट मात्र तुमच्या बेडरूममध्ये पूर्ण होते, तीही एप्रिलच्या धामधुमीत, पुढच्या घरून फोन येत असलेल्या फिटरच्या हातून. सगळ्यात नाजूक जोड तोच मारतो. पुढची दहा वर्षं हा एसी कसा चालेल, हे डब्यावरच्या स्टारइतकंच त्या दोन तासांत ठरतं. त्या दोन तासांत काय होतं आणि काय व्हायला हवं, हे घरातल्या निदान एका माणसाला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

कॉइल गार का पडते

इनडोअरचं पुढचं झाकण उचला आणि जाळीचे फिल्टर काढा. मागे दिसते ती कॉइल: तांब्याच्या नळ्यांची वळणं आणि त्यांच्यावर दाटीने ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. खोलीची हवा या पट्ट्यांमधून जाते आणि गार होऊन बाहेर पडते.

नळ्यांच्या आत एक द्रव उकळत असतो. उकळणं म्हटलं की आपल्याला शेगडी आठवते, पण एखादा द्रव किती अंशांना उकळेल हे त्याच्यावर दाब किती आहे त्यावर ठरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा थोडा कमी, म्हणून आपल्या उघड्या पातेल्यातलं पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेच पाणी कुकरमध्ये, वाढलेल्या दाबाखाली, १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ नावाचा पदार्थ भरलेला असतो. तो हवेच्या साध्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतो. कॉइलमध्ये त्याच्यावर हवेच्या दहा-अकरा पट दाब ठेवतात, आणि तेवढ्या दाबाला तो ५ ते १० अंशांना उकळतो. उकळायला उष्णता लागते. ती तो नळीकडून घेतो, नळी पट्ट्यांकडून आणि पट्ट्या तुमच्या खोलीच्या हवेकडून.

उकळून तयार झालेली वाफ, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘गॅस’ म्हणतो ती, कॉम्प्रेसर ओढतो आणि दाबतो. दाबल्यावर ती बाहेरच्या उन्हापेक्षाही गरम होते. आउटडोअरच्या कॉइलमध्ये ती ४५-५० अंशांना पुन्हा द्रव होते आणि खोलीतून उचललेली उष्णता ३८ अंशांच्या हवेत टाकून देते. मग तो द्रव एका अरुंद वाटेतून जातो, दाब एकदम उतरतो, आणि तो पुन्हा आतल्या कॉइलमध्ये उकळायला मोकळा होतो. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॉट, इतकी उष्णता बाहेर काढण्याची ताकद. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आलं. यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.

कॉइलचं दुसरं कामही आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ती हवेतलं पाणी काढते. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी गार कॉइलवरून हवा फिरवण्याची योजना आखली, तेव्हा अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसत नसे. हवेतलं पाणी काढणं हा तिथला खरा हेतू होता. हे पाणी जातं कुठे, हा पुण्यातल्या एसीचा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे, त्याच्याकडे सविस्तर येऊ.

भिंत, छिद्र आणि आउटडोअरची जागा

इनडोअरला वरून हवा घ्यायची असते. त्यामुळे त्याचं डोकं आणि छत यांच्यात निदान पंधरा सेंटिमीटर मोकळे हवेत. फर्निचर करून घेताना वरून पीओपीची पट्टी किंवा पेल्मेट आणून इनडोअर त्यात ‘बसवून’ टाकतात. दिसायला छान दिसतं, पण कॉइलला ताजी हवा मिळत नाही, ती स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढत राहते, आणि सेन्सरला वाटतं खोली गार झाली. सुतारकाम ठरवायच्या आधी एसीची जागा ठरवा, उलट नको.

भिंतीचं म्हणाल तर पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत आणि वाकड-खराडीतल्या नव्या टॉवरची भिंत यांना एकच खिळा चालत नाही. नव्या इमारतींत बाहेरच्या भिंतीही बऱ्याचदा सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा अँकर बोल्ट ठोकला की तो सुरुवातीला घट्ट वाटतो, पण आउटडोअरच्या रोजच्या थरथरीने भोवतीचा ब्लॉक भुगा होत जातो. आउटडोअरचं वजन तीस किलोच्या आसपास. दहाव्या मजल्यावर ते ब्रॅकेटला लटकलेलं असतं आणि खाली मुलं खेळत असतात. अशा भिंतीत बोल्ट आरपार नेऊन आतून मोठा वॉशर लावावा, किंवा शक्य असेल तर ब्रॅकेट आरसीसीच्या बीमवर घ्यावा. फिटर ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी या एका बाबतीत ऐकू नका.

नळ्यांसाठी भिंतीला साधारण अडीच इंचाचं छिद्र पाडतात. त्याला कोअर कटिंग म्हणतात. छिद्र आतून बाहेर किंचित उतरतं हवं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही आणि आतलं पाणी बाहेर जातं. कॉलम किंवा बीमला छिद्र पाडू देऊ नये, मग त्यापायी नळी दोन मीटर वाढली तरी चालेल.

आउटडोअर कुठे ठेवायचं, हा पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये नाजूक विषय आहे. दर्शनी भाग बिघडू नये म्हणून सगळी आउटडोअर इमारतीच्या डक्टमध्ये टाकायला सांगतात. डक्ट अरुंद असेल तर खालच्या पाच मजल्यांची गरम हवा वर चढत तुमच्या आउटडोअरपर्यंत येते. बाहेर ३८ अंश असले, तरी तुमचं यंत्र ४५-४८ अंशांच्या हवेत उष्णता टाकायची धडपड करत असतं. वीज जास्त जाते आणि भर दुपारी कॉम्प्रेसर मधेच थांबतो. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा मांडण्याजोगा आहे. डक्टमध्येच बसवायचं असेल, तर आउटडोअरच्या पंख्याचं तोंड निदान मोकळ्या बाजूला असू द्या. मागे हवा ओढायला वीतभर जागा आणि दुरुस्तीला माणसाचा हात पोहोचेल एवढी सोय ठेवा.

तांब्याची नळी आणि व्हॅक्यूम

इथे जरा थांबू, कारण बहुतेक एसी इथेच बिघडतात.

आत-बाहेर दोन नळ्या जातात, एक बारीक, एक जाड. दीड टनाच्या एसीला बहुधा दोन सूत आणि चार सूत, म्हणजे पाव इंच आणि अर्धा इंच. आपल्याकडच्या स्प्लिटमध्ये दाब उतरवणारी अरुंद वाट आउटडोअरमध्येच असते, त्यामुळे आत येणारी बारीक नळीही गारच असते. म्हणून दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. जाड नळीला फोम चढवून बारीक नळी तशीच टेपने गुंडाळलेली दिसली, तर काम थांबवा. तिच्यावर दव धरेल आणि भिंतीतून पाणी टपकेल.

नळीचं टोक कुठल्याही गोंदाने किंवा डाखाने बंद केलेलं नसतं. टोक कर्ण्यासारखं फाकवतात, म्हणजे फ्लेअर काढतात, आणि ते पितळी जोडावर नटाने आवळतात. तांब्यावर पितळ दाबून बसतं, तेवढाच काय तो अडसर. त्यापलीकडे गॅसचा दाब असतो. त्यामुळे नळी करवतीने नव्हे, पाइप कटरने कापावी. आतली धार काढताना नळीचं तोंड खाली धरावं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडून थेट कॉम्प्रेसरकडे जातो. फाकवलेली कड गुळगुळीत, सगळीकडे सारखी आणि चीर नसलेली हवी. नट किती आवळायचा यालाही माप आहे. पाव इंचाला साधारण १५ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचाला ५५ च्या आसपास. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. ताकद लावून आवळलेला नट सैल नटाइतकाच वाईट, कारण जास्त दाबाने फ्लेअर पातळ होऊन चिरते आणि गॅस सहा महिन्यांत हळूहळू निघून जातो. फिटरला टॉर्क पाना आणायला सांगणं आगाऊपणा नाही.

जोडणी झाली की नळ्यांमध्ये आणि आतल्या कॉइलमध्ये काय असतं? तुमच्या खोलीची हवा, आणि त्या हवेतली पाण्याची वाफ. आउटडोअरमध्ये गॅस कोंडलेला असतो, त्याचे व्हॉल्व्ह अजून उघडलेले नसतात. ही हवा आत राहिली तर ती आर-३२ सारखी द्रव होत नाही. आउटडोअरच्या कॉइलमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढवते आणि कॉम्प्रेसरला रोज जास्त राबवते. ओल त्याहून घातक. ती अरुंद वाटेपाशी गोठून वाट अडवू शकते, आणि कॉम्प्रेसरच्या तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करते. हल्लीच्या एसीत जे एस्टर जातीचं तेल वापरतात ते ओल चटकन शोषतं. ते आम्ल आतल्या मोटरच्या तारांचं आवरण खातं. याचा परिणाम पहिल्या उन्हाळ्यात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर जातो, तेव्हा बसवण्याच्या दिवसाची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

यावर उपाय एकच: व्हॅक्यूम पंप. पंप नळ्यांमधली हवा ओढून घेतो. आपल्या पुण्यात हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर इतका असतो. तो उतरवत २४ मिलिमीटरपर्यंत आणला की २५ अंशांच्या खोलीत, कसलीही उष्णता न देता, नळीतलं पाणी उकळू लागतं आणि वाफ होऊन पंपात जातं. चांगला मेकॅनिक तिथे थांबत नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या खाली जातो. त्यासाठी वेळ लागतो, वीस मिनिटं ते अर्धा तास. ओल पाच मिनिटांत निघत नाही.

इथे पुण्याची एक गंमत सांगतो. साध्या काट्याच्या गेजवर पूर्ण व्हॅक्यूमची खूण ३० इंचांवर असते, पण ती समुद्रकाठच्या दाबाची. आपल्याकडे पंप कितीही चांगला असला, तरी काटा २८ इंचांच्या आसपासच थांबेल. म्हणजे काटा ३० ला पोहोचला नाही म्हणून पंप खराब ठरत नाही, आणि काटा २८ ला गेला म्हणून ओल निघाली असंही ठरत नाही. शेवटच्या टप्प्यातला फरक काट्यावर दिसतच नाही, त्याला मायक्रॉन गेज लागतो. तो नसेल तर निदान वेळ द्यावा. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं वाट पाहावी. काटा परत चढत राहिला तर कुठेतरी गळती आहे. थोडा चढून स्थिरावला तर ओल शिल्लक आहे, पंप पुन्हा लावा.

याला पर्याय म्हणून अजूनही केली जाणारी गोष्ट अशी: आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, गॅसच्या झोताने नळीतली हवा ढकलायची, ‘फुस्स’ आवाज आला की नट आवळायचा. दोन मिनिटांत काम संपतं. पण त्या झोताने ओल निघत नाही. कंपनीने तोलून भरलेला गॅस कमी होतो. आणि आर-३२ हा मंद का होईना, ज्वलनशील आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत तो सोडणं हे कुठल्याच दृष्टीने बरोबर नाही. शिवाय हवेत गेल्यावर तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापमानवाढ करतो.

म्हणून फिटरची वेळ ठरवतानाच फोनवर विचारा: “दादा, व्हॅक्यूम पंप घेऊन येताय ना?” पंप चालू असला की घरघर ऐकू येते. ती अर्धा तास ऐकू आली तर निम्मी काळजी मिटली. चहा त्या वेळातच द्या, म्हणजे त्यालाही घाई वाटणार नाही.

नळीच्या लांबीचं थोडक्यात. कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरता असतो. नळी त्याहून लांब गेली तर जादा मीटरमागे ठरावीक ग्रॅम गॅस वजनकाट्यावर मोजून घालायचा असतो, तो आकडा एसीच्या पुस्तिकेत असतो. अंदाजाने घातलेला गॅस कमी पडला तरी नुकसान, जास्त झाला तरी नुकसान.

एप्रिलमध्ये न दिसणारी गळती

पुण्यात एसी घेतले जातात मार्च ते मे. हाच काळ इथे सगळ्यात कोरडा. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरू लागतं तो, १० अंशांच्या आतच असतो. कॉइलही साधारण तेवढीच गार. म्हणजे कॉइलवर पाणी धरतच नाही, किंवा अगदी थोडं धरतं. ड्रेन पाइपला उतार आहे की नाही, तो मधे वर उचलला गेला आहे का, जोड बसला आहे का, यातलं काहीही एप्रिलमध्ये कळत नाही. सगळं छान चाललेलं असतं.

मग जून येतो. हवा दमट होते. आषाढातल्या कोंदट रात्री एसी लावला की दीड टनाची कॉइल तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढू शकते. ते पाणी ट्रेमध्ये साचतं, वाट मिळाली नाही की ओसंडतं, भिंतीवरून उतरतं, आणि कपाटाच्या मागचा प्लायवूड फुगतो. लोकांना वाटतं पावसाचं पाणी झिरपलं. बिल्डरला फोन जातो, वॉटरप्रूफिंगवाला येतो, आणि खरं कारण इनडोअरच्या मागे तसंच राहतं.

यावरची परीक्षा फुकट आहे. एसी बसवला त्याच दिवशी, फिटर घरात असतानाच, कॉइलच्या पट्ट्यांवर जगने हळूहळू लिटरभर पाणी ओतायला लावा. तेवढंच पाणी काही मिनिटांत पाइपच्या टोकातून बाहेर यायला हवं. विजेच्या भागावर पाणी उडू नये म्हणून हे फिटरनेच करावं, आणि मेन बंद करून. माझ्या मते पुण्यातल्या प्रत्येक घराने ही परीक्षा घ्यायलाच हवी. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर व्हॅक्यूमनंतर हीच करा.

पाइप सतत उतरता हवा. एकाही ठिकाणी झोळ पडता कामा नये. भिंतीतून किंवा फॉल्स सीलिंगवरून जाणाऱ्या पाइपला इन्सुलेशन हवं. बरेचजण टोक ड्राय बाल्कनीत सोडतात, ते ठीक आहे, पण ते नहाणीच्या जाळीच्या वर, उघडं राहू द्या. टोक बादलीतल्या पाण्यात बुडलं तर हवा अडकून पाणी उतरत नाही. आणि ते थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपात बसवून बंद करणं तर फारच वाईट, कारण गटाराचा वायू उलट वर चढून कॉइलपर्यंत येतो. वासाचा त्रास तर होतोच, पण त्यातला हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो. कॉइलला बारीक छिद्रं पडतात आणि गॅस जातो. मग दोष कॉइलच्या दर्जाला दिला जातो.

मुलं अमेरिकेत असतील तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी न्यू जर्सीला किंवा शिकागोकडे असतं, आणि नवं घर घेतल्यावर फोनवर सांगतं, “आई, इथे हीटिंग आहे, पण कूलिंग नाही. फर्नेसवर कॉइल बसवायचीय.” आपल्याला वाटतं, हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे. तसं नाही. कॉइल तीच, फक्त तिचं घर वेगळं.

तिकडे बेसमेंटमध्ये फर्नेस असते. ती नैसर्गिक वायू जाळते, तापलेल्या धातूच्या कप्प्यांवरून मोठा पंखा हवा फिरवतो आणि पत्र्याच्या डक्टमधून ती हवा सगळ्या खोल्यांत जाते. पंखा आहे, डक्ट आहेत, मग गारव्यासाठी नवी व्यवस्था कशाला? फर्नेसच्या डोक्यावरचा डक्ट कापतात, तिथे इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची कॉइल एका पेटीत बसवतात, आणि अंगणात आउटडोअर ठेवून दोन नळ्यांनी जोडतात.

कॉइल नेहमी फर्नेसच्या पुढे, हवा तापवणारे कप्पे ओलांडल्यावर बसवतात. ती आधी बसवली तर उन्हाळ्यात गार हवा त्या धातूवरून जाईल, त्यावर दव धरेल आणि तो गंजेल. गंजून छिद्र पडलं तर हिवाळ्यात ज्वलनाचा विषारी वायू घरातल्या हवेत मिसळू शकतो. कॉइलची जागा ही त्या घरातल्या माणसांच्या जिवाशी जोडलेली गोष्ट आहे. शिवाय कॉइलखालचा पाण्याचा ट्रे प्लास्टिकचा असतो, म्हणून तो फर्नेसच्या तापलेल्या भागापासून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरच हवा.

दुसरा मुद्दा हवेचा. गारव्यासाठी टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे तीन टनांना १,२००. गरम हवा जास्त तापवून थोडी पाठवली तरी खोली ऊबदार होते. गार हवा मात्र तितकी गार करता येत नाही, म्हणून ती जास्त पाठवावी लागते. फक्त हीटिंगसाठी बांधलेले जुने डक्ट आणि जुना पंखा पुरतील का, हे आधी मोजायला हवं. ओल्या कॉइलचा अडथळाही त्यात वाढतो. हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो. कॉइल आणि आउटडोअर एकमेकांसाठी जुळवलेले असावे लागतात. एकीकडून स्वस्त मिळालेली कॉइल आणि दुसरीकडचं आउटडोअर यांची जोडी बसत नाही.

तिकडच्या रचनेत दाब उतरवणारा व्हॉल्व्ह कॉइलजवळ असतो, म्हणून बारीक नळी कोमट असते आणि इन्सुलेशन जाड नळीलाच लागतं. नळ्यांचे जोड बरेचदा फ्लेअरचे नसतात, ब्रेझिंगने, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधतात. त्या वेळी नळीतून नायट्रोजनचा मंद झोत सोडायचा असतो, नाहीतर आतून काळी खपली धरते आणि पुढे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकते. ट्रेला पाण्याची मुख्य वाट असतेच, शिवाय दुसरी जादा वाट किंवा पाणी चढलं की यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच हवा. खालचा फर्निश्ड बेसमेंट वाचवायचा तर हा स्विच फार मोलाचा आहे.

गॅसचंही तिकडे बदललं आहे. १ जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती यंत्रणा आर-४१०ए हा जुना गॅस सोडून कमी तापमानवाढ करणाऱ्या आर-४५४बी आणि आर-३२ कडे वळल्या. हे दोन्ही मंद ज्वलनशील, त्यामुळे नव्या कॉइलमध्ये बऱ्याचदा गळती ओळखणारा सेन्सर असतो आणि तो फर्नेसच्या पंख्याशी जोडावा लागतो. गॅसची वाट उघडायला तिथे पर्यावरण खात्याचं, ईपीएचं, प्रमाणपत्र लागतं. मुलाला पत्र्याचं किंवा ड्रेनचं काम हाताने करायची हौस असेल तर करू दे. गॅसचं काम त्याने स्वतः करू नये, एवढं त्याला आवर्जून सांगा.

वीज आणि पहिली चाचणी

दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खरं चालू असलेलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नये. जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत अर्थिंगचा सॉकेट असतो पण मागे तार नसते, ते वायरमनकडून तपासून घ्या.

एसी सुरू करून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण वेगाने चालू द्या. साधा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथे धरा, मग खाली झोतात धरा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक आला तर कॉइल आपलं काम करते आहे. फार कमी आला, तर फिटर जायच्या आत त्याला दाखवा. २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात. तो आकडा आपल्या हवेला योग्य आहे. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबतं.

‘गॅस संपला’ आणि घर बदलताना

दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारी घरं मी पाहिली आहेत. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद वाटेत फिरतो, आणि वाट बंद असेल तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झाला याचा अर्थ गळती आहे. आधी नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधायची, ती बंद करायची, पुन्हा व्हॅक्यूम करायचा आणि मग वजन करून भरायचा. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवेत जातो, पैसे तर जातातच. कॉइलवर बर्फ दिसला तर आधी फिल्टर पाहा. हिंजवडी-वाघोलीच्या बांधकामांची धूळ त्यांना दोन आठवड्यांत बुजवू शकते. हवा अडली की नळीतला दाब उतरतो, गॅस शून्याच्या खाली उकळू लागतो आणि दव गोठतं. फिल्टर धुऊनही बर्फ येत राहिला, तर गॅसचा संशय घ्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं वेगळं. अकरा महिन्यांचा करार संपला की सामानाबरोबर एसीही निघतो. काढायच्या आधी गॅस आउटडोअरमध्ये परत गोळा करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात, कॉम्प्रेसर उरलेला गॅस ओढून घेतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी थांबवतात. त्यानंतरच नट सोडायचे. एसी चालू असताना नट सैल केला तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो, आणि हवा व तेल दाबली जाऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून हे काम बिगाऱ्याकडून किंवा पॅकर्सच्या माणसाकडून करून घेऊ नका, ‘दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी.

काढल्याबरोबर नळ्यांची आणि व्हॉल्व्हची तोंडं टोप्या लावून बंद करायला सांगा. टेम्पोतून जाताना उघड्या नळीत धूळ आणि पावसाळी हवा दोन्ही जातात. नव्या घरी जुनीच नळी वापरणार असाल, तर जुनी फ्लेअर कापून नवी काढा, पुन्हा वाकवताना नळी चेपली असेल तेवढा तुकडा बदला, आणि व्हॅक्यूम पहिल्या दिवसाइतकाच पूर्ण करून घ्या. फिटरकडून एका कागदावर नळीची लांबी, घातलेला जादा गॅस किती ग्रॅम आणि तारीख लिहून घ्या, आणि तो कागद इनडोअरच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या मेकॅनिकला सुरुवात तिथूनच करता येते.